पहिला हात कोणी उगारला? बळाचा प्रारंभ न करण्याच्या तत्त्वाविषयी

अनुक्त (धागाकर्ता)

कोणीही दुसऱ्याच्या शरीरावर किंवा मालमत्तेवर बळाचा वापर सुरू करू नये. कोणी तो सुरू केलाच, तर त्याचा प्रतिकार करावा, हिरावलेले परत मिळवावे आणि नुकसानभरपाई वसूल करावी. लिबर्टेरियन विचारांचा, म्हणजे व्यक्तीचे स्वातंत्र्य सर्वोच्च मानून राज्यसंस्थेचा हस्तक्षेप कमीत कमी ठेवू पाहणाऱ्या विचारांचा, सारा डोलारा या एका तत्त्वावर उभा आहे, असे त्या विचारांचे अनेक पुरस्कर्ते मानतात. अमेरिकेत १९७१ साली स्थापन झालेल्या लिबर्टेरियन पक्षाचे सभासद होताना, राजकीय किंवा सामाजिक उद्दिष्टे साधण्यासाठी बळाचा प्रारंभ करणे आपल्याला मान्य नाही, अशा आशयाच्या प्रतिज्ञेवर सही करावी लागते. विचार मात्र पक्षाहून पुष्कळ जुना आहे. कोणी कोणाच्या जीविताला, आरोग्याला, स्वातंत्र्याला किंवा मालमत्तेला इजा करू नये, हे इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉकने सतराव्या शतकाच्या अखेरीस मांडले होते. हर्बर्ट स्पेन्सरने १८५१ मध्ये सर्वांच्या समान स्वातंत्र्याचा नियम सांगितला, आयन रँडने १९५७ च्या आपल्या कादंबरीतून बळाच्या प्रारंभाचा निषेध लोकप्रिय केला आणि अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ मरे रॉथबार्डने १९६० व १९७० च्या दशकांत याच तत्त्वापासून थेट राज्यसंस्थेच्या निर्मूलनापर्यंत मजल मारली.

तत्त्वाबद्दल मला आदर आहे. तरीही त्यातला 'प्रारंभ' कसा ठरवायचा, हा प्रश्न मला सुटत नाही. एक माणूस एका शेतातून चालत निघाला आहे. त्याने कोणाला स्पर्श केलेला नाही, कशाची नासधूस केलेली नाही. शेताचा मालक येतो, त्याचा दंड धरतो आणि त्याला ढकलत बाहेर काढतो. नुसत्या डोळ्यांनी पाहिले तर पहिला हात मालकाने उगारला. लिबर्टेरियन उत्तर मात्र असे की आगळीक चालणाऱ्याची आहे, कारण जमीन त्याची नाही. मालकाने केला तो प्रतिकार. म्हणजे आगळीक कोणाची, हे कळण्यासाठी मालकी कोणाची हे आधी ठरलेले असावे लागते, आणि त्याबाबत हे तत्त्व स्वतः काहीच सांगत नाही.

मग मालकी येते कोठून? पडीक जमिनीत श्रम मिसळले की ती आपली होते, हे लॉकचे उत्तर प्रसिद्ध आहे. पण इतरांसाठी पुरेसे आणि तितकेच चांगले शिल्लक राहिले पाहिजे, अशी अटही त्यानेच घातली होती. ती अट आज किती जमिनीच्या बाबतीत पाळलेली दिसेल? अमेरिकेच्या १८६२ च्या होमस्टेड कायद्याने कसणाऱ्याला १६० एकरांपर्यंत जमीन दिली. श्रमातून मालकी या कल्पनेचे याहून शुद्ध उदाहरण कायद्याच्या पुस्तकात क्वचितच सापडेल. मात्र त्यातल्या बऱ्याचशा जमिनीवर आधीपासून मूलनिवासी जमाती राहत होत्या, शिकार करत होत्या, काही ठिकाणी शेतीही करत होत्या. आज त्या जमिनीच्या कुंपणावरून आत येणाऱ्याला हाकलणे हा प्रतिकार आहे की दीडशे वर्षांपूर्वीच्या आगळिकीचा पुढचा अंक?

माझे म्हणणे एवढेच आहे की हे तत्त्व स्वयंसिद्ध सूत्र म्हणून चालत नाही. बळ वापरू पाहणाऱ्याने आधी आपले समर्थन दिले पाहिजे, एवढा भार ते नक्कीच टाकते, आणि तो भार मोलाचा आहे. पण निकाल मालकीचा सिद्धान्त देतो. तत्त्व त्यावर फक्त शिक्का मारते.

वादे_वादे

मांडणी नेटकी आहे, तरी आक्षेप वाटतो तितका घातक नाही. 'चोरी करू नये' हा नियमसुद्धा वस्तू कोणाची हे सांगत नाही. म्हणून तो पोकळ आहे असे आपण म्हणतो का? न्यायाचा कोणताही सिद्धान्त घ्या, कोणाला काय मिळावे याची कल्पना त्याच्या पोटात असतेच. रॉथबार्डला हे पुरते ठाऊक होते, म्हणूनच त्याने तत्त्वासोबत स्वतःच्या शरीरावरील मालकी आणि प्रथम वहिवाटीतून येणारी मालकी हे दोन आधार दिले. होमस्टेडच्या उदाहरणावर त्याचे उत्तर तुम्हाला वाटते त्यापेक्षा जहाल होते. लुटीतून आलेली मालमत्ता मूळ मालकाला किंवा त्याच्या वारसांना परत जावी, आणि ते सापडत नसतील तर ती लुटारूकडे न राहता प्रत्यक्ष कसणाऱ्याकडे किंवा वापरणाऱ्याकडे जावी, असे त्याने १९६९ मध्ये लिहिले. प्रस्थापित मालमत्तेचा पहारेकरी असे लिहीत नसतो.

तत्त्वाचा खरा दंश वेगळ्याच ठिकाणी आहे, आणि मूळ लेखात त्याचा उल्लेख नाही. खाजगी माणसाला जे करण्यास मनाई आहे, तेच पदावर बसलेल्या माणसाला का चालते, असा प्रश्न हे तत्त्व विचारते. तत्त्वज्ञ मायकेल ह्यूमरने २०१३ मध्ये हा मुद्दा फार सोप्या पद्धतीने मांडला. गावातला एक रहिवासी स्वतःहून गुंडांना पकडून आपल्या तळघरात डांबू लागतो, आणि काही दिवसांनी शेजाऱ्यांच्या दारात जाऊन या सेवेचे शुल्क मागतो. न देणाऱ्यालाही डांबण्याची धमकी देतो. त्याची सेवा उपयुक्त असली तरी आपण त्याला खंडणीखोरच म्हणू. कर वसूल करणारी राज्यसंस्था याहून वेगळी कशामुळे ठरते? 'तुम्ही संमती दिली आहे' हे उत्तर अमेरिकन अराज्यवादी लेखक लायसँडर स्पूनरने १८६७ ते १८७० या काळातल्या पत्रकांतच खोडून काढले होते: ज्या संविधानावर आपण सही केली नाही, ते आपला करार कसे असेल?

मालकीचा प्रश्न पूर्णपणे सुटला नाही म्हणून हा प्रश्न विचारायचाच नाही, असे होत नाही. बहुसंख्य प्रसंगांत, म्हणजे मारहाण, सक्तीची सैन्यभरती, दोन प्रौढांच्या राजीखुशीच्या व्यवहारावर बंदी अशा ठिकाणी, पहिला हात कोणाचा याबद्दल कोणताही गोंधळ नसतो.

अनुक्त

शरीराच्या बाबतीत गोंधळ नसतो हे मान्य. सक्तीच्या सैन्यभरतीविरुद्ध याहून स्वच्छ युक्तिवाद मला तरी माहीत नाही. पण तुम्ही करांकडे वळता तेव्हा तोच स्वच्छपणा गृहीत धरता. कर म्हणजे चोरी, हे म्हणण्यासाठी करपूर्व उत्पन्न पूर्णपणे माझे होते हे आधी सिद्ध व्हावे लागते, आणि ते उत्पन्न ज्या करारांतून, नोंदणीतून व न्यायालयांतून आले ती सारी व्यवस्था बळावरच उभी असते. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ व विधिज्ञ रॉबर्ट हेल याने १९२३ च्या निबंधात हेच दाखवले होते. उपाशी माणूस आणि अन्न यांच्यामध्ये मालकीचा कायदा उभा असतो. तो मोडला तर पोलीस येतात. म्हणून मालकाच्या अटींवर काम पत्करणे याला पूर्ण अर्थाने बळमुक्त व्यवहार म्हणता येत नाही. हेलने यावरून मालमत्ता वाईट आहे असा निष्कर्ष काढला नाही. बळ दोन्ही बाजूंना आहे, तेव्हा कोणते बळ योग्य याची चर्चा करा, एवढेच त्याचे सांगणे होते.

पाचर

एक बाळबोध शंका. हे तत्त्व आणि अहिंसा यांत नेमका फरक काय?

वादे_वादे

मोठा फरक आहे. अहिंसा प्रतिकाराच्या साधनांवरही बंधन घालते, तर हे तत्त्व केवळ प्रारंभावर घालते. हल्लेखोराला बळाने रोखणे, प्रसंगी ठार करणेही त्याला मंजूर असते. रॉबर्ट लेफेव्रसारखा एखादा अपवाद आहे, ज्याने आगळिकीनंतरच्या प्रतिशोधालाही नकार दिला, पण तो त्या परंपरेच्या कडेलाच राहिला. आणि उलट बाजूने, अहिंसक चळवळीतला रस्ता अडवून बसणारा सत्याग्रही या तत्त्वाच्या काटेकोर वाचनात आगळीक करणारा ठरू शकतो.

दुसरी_बाजू

चर्चा फार उंचावरून चालली आहे, म्हणून दोन न्यायालयीन निकाल समोर ठेवतो. दोन्ही अमेरिकेतले आहेत, दोन्हींत वादळ आहे, आणि दोन्हींत दुसऱ्याच्या मालकीचा, होड्या-जहाजे बांधण्याचा धक्का आहे.

पहिला व्हरमाँट राज्यातला, १९०८ चा, प्लूफ विरुद्ध पटनम. शँप्लेन सरोवरात एक कुटुंब लहान शिडाच्या होडीतून चालले असता वादळ उठले. जीव वाचवण्यासाठी त्यांनी होडी एका खाजगी बेटाच्या धक्क्याला बांधली. मालकाच्या नोकराने दोर सोडून दिला, होडी किनाऱ्यावर आपटली आणि माणसे जखमी झाली. परवानगीशिवाय बांधलेली होडी हे अतिक्रमणच, असे मालकाचे म्हणणे होते. न्यायालयाने ते स्वीकारले नाही. निकड असेल तर दुसऱ्याच्या मालमत्तेचा आसरा घेता येतो आणि तेथून हुसकावणारा नुकसानीस जबाबदार ठरू शकतो, असा त्याचा निर्णय होता.

दुसरा मिनेसोटातला, १९१० चा, व्हिन्सेंट विरुद्ध लेक इरी ट्रान्सपोर्टेशन. डुलुथच्या बंदरात १९०५ च्या नोव्हेंबरमधील वादळात रेनॉल्ड्स नावाचे जहाज माल उतरवून झाल्यावरही धक्क्याला बांधून ठेवावे लागले. दोर झिजत वा तुटत, तसे खलाशी नवे दोर बांधत राहिले. जहाज वाचले, पण ते सतत आदळत राहिल्याने बंदराच्या धक्क्याचे ५०० डॉलरचे नुकसान झाले. कप्तानाने केले ते शहाणपणाचेच होते, असे न्यायालयाने स्पष्ट म्हटले. आणि तरीही जहाजाच्या मालकाला ते ५०० डॉलर भरायला लावले.

हे दोन निकाल एकत्र वाचावेत. तत्त्व काटेकोरपणे लावले तर प्लूफ प्रकरणात दोर सोडणारा नोकर केवळ मालकीचे रक्षण करत होता आणि बुडणारे कुटुंब हे आगळीक करणारे होते. हा निष्कर्ष उघडपणे मान्य करणारा लिबर्टेरियन मला क्वचितच भेटला आहे. न्यायालयांनी मालकी नाकारली नाही. तिचे स्वरूप तेवढ्यापुरते बदलले. वादळाच्या वेळी मालकाला मनाई करण्याचा हक्क उरत नाही, पण भरपाईचा हक्क उरतो. लिबर्टेरियन तत्त्वज्ञ रॉबर्ट नॉझिकने १९७४ च्या ग्रंथात हाच प्रश्न सर्वसाधारण पातळीवर विचारला होता: सीमा ओलांडणाऱ्याने पूर्ण भरपाई दिली, तर सीमा ओलांडण्यास सरसकट परवानगी का असू नये? कोणीही केव्हाही आपला हात मोडून नंतर पैसे देईल, अशा जगात प्रत्येकजण सतत भयाखाली राहील आणि त्या भयाची भरपाई कोणीच देणार नाही, हे त्याच्या उत्तराचे एक महत्त्वाचे अंग होते. हे उत्तर मला पटते. पण लक्षात घ्या, ते परिणामांच्या हिशेबातून आलेले आहे. 'बळाचा प्रारंभ नको' या वाक्यातून ते निघत नाही.

निरभ्र

मी पर्यावरणाच्या क्षेत्रात काम करतो, त्यामुळे माझी अडचण आणखी पायाभूत आहे. धूर, आवाज, किरणे हे सारे कण किंवा लहरी आहेत आणि ते दुसऱ्याच्या शरीरात व जमिनीवर शिरतात. डेव्हिड फ्रीडमन, जो स्वतः राज्यविहीन समाजाचा पुरस्कर्ता आहे, त्याने या अडचणीवर बोट ठेवले आहे. मी तुमच्या दारावर प्रचंड शक्तीचा लेसर झोत सोडला तर ती आगळीक. मग विजेरीचा उजेड पाडला तर? दोन्हींत प्रकाशाचेच कण तुमच्या हद्दीत शिरतात. आणि मी श्वासातून सोडलेला कार्बन डायऑक्साइडही तुमच्या आवारात जातोच. तत्त्वाला प्रमाण कळत नाही, आणि प्रदूषणाचा सारा प्रश्न प्रमाणाचाच आहे.

रॉथबार्डने १९८२ च्या दीर्घ निबंधात यावर उत्तर दिले. जे अदृश्य आहे आणि मालकाच्या उपभोगात व्यत्यय आणत नाही, उदाहरणार्थ रेडिओलहरी, ती आगळीक नव्हे. इजा झाली असेल तर विशिष्ट कर्त्याने विशिष्ट माणसाला ती केली हे रास्त संशयापलीकडे सिद्ध झाले पाहिजे. आणि निर्जन जागी आधी सुरू झालेल्या विमानतळाने आवाज करण्याचा हक्क वहिवाटीने मिळवलेला असतो. नंतर तेथे घर बांधणाऱ्याने तक्रार करू नये. निबंध कौतुकास्पद आहे, कारण तो पळवाट शोधत नाही. पण परिणाम पाहा. ओझोनच्या थराची हानी करणारी सीएफसी रसायने अनेक देशांतल्या असंख्य उपकरणांतून सुटत होती. अमुक शीतकपाटातून निघालेल्या वायूमुळे तमुक माणसाला त्वचेचा कर्करोग झाला, हे कोणत्याही न्यायालयात सिद्ध होणे शक्य नव्हते. मग एक तर प्रत्येक उत्सर्जन आगळीक ठरते आणि जगणेच बंद पडते, किंवा कोणतेच ठरत नाही आणि हानी चालू राहते. प्रत्यक्षात १९८७ चा माँट्रियल करार झाला, आणि त्याची अंमलबजावणी देशोदेशीच्या कायद्यांनी, म्हणजे शेवटी बळानेच, झाली. मॅट झ्वोलिन्स्की या लिबर्टेरियन तत्त्वज्ञाने २०१३ मध्ये या तत्त्वावर सहा आक्षेप घेतले. त्यांत प्रदूषण आणि जोखीम हे दोन्ही आहेत. स्वपक्षातूनच ही टीका होते, याची नोंद घ्यावी.

वादे_वादे

@निरभ्र, प्रमाणाची अडचण खरी आहे. पण पर्याय काय निघाला तेही पाहू. न्यूयॉर्क राज्याच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने १९७० मध्ये बूमर विरुद्ध अटलांटिक सिमेंट या खटल्यात निकाल दिला. कारखान्याची धूळ, धूर आणि हादरे यांनी शेजाऱ्यांचे नुकसान होत होते, याबद्दल वाद नव्हता. कारखान्यात साडेचार कोटी डॉलरांहून अधिक गुंतवणूक होती आणि तीनशेहून अधिक लोक कामाला होते, म्हणून न्यायालयाने तो बंद करण्याऐवजी कायमच्या नुकसानभरपाईचा मार्ग दिला. खालच्या न्यायालयाने काढलेला तिचा आकडा एकूण १,८५,००० डॉलर होता. न्यायमूर्ती जेसन यांनी असहमतीच्या निकालपत्रात म्हटले की हा चालू असलेल्या अपकृत्याला दिलेला परवाना आहे. दुसरी_बाजू यांना जहाजाच्या खटल्यात जी भरपाई शहाणपणाची वाटते, तीच येथे धनाढ्य कारखान्याला शेजाऱ्यांच्या फुप्फुसांवरचा हक्क विकत देते, तोही शेजाऱ्यांची इच्छा नसताना. प्रमाण, निकड, एकंदर हित असे दरवाजे एकदा किलकिले केले की आत प्रथम कोण शिरते? वादळात सापडलेले कुटुंब क्वचित. ज्याच्याकडे वकील आहेत तो नेहमी. तत्त्वाचा ताठरपणा हा त्यासाठीच आहे.

दुसरी_बाजू

बूमरचे उदाहरण चपखल आहे आणि मलाही जेसन यांचेच मत अधिक पटते. पण दोन खटल्यांतला फरक तुम्ही पुसत आहात. जहाजाला पर्याय नव्हता, संकट काही तासांचे होते आणि जहाजवाल्याला धक्केवाल्याशी बोलणी करायला वेळ नव्हता. कारखान्याला हे तिन्ही उपलब्ध होते. हा फरक सांगण्यासाठी निकड, कालावधी आणि सौदा करण्याची शक्यता या कसोट्या लागतात. तत्त्वात त्या नाहीत. बाहेरून आणाव्या लागतात. आणल्या तरी दरवाजा सताड उघडतो असे नाही: कायद्याने त्या शंभर वर्षे वापरल्या आहेत आणि तरीही परक्याच्या घरात घुसणे हा गुन्हाच राहिला आहे.

पाचर

मुलांचे काय? रॉथबार्डने १९८२ मधल्याच पुस्तकात म्हटले आहे की मुलाला मारणे ही आगळीक आहे, पण त्याला अन्न देण्याचे कायदेशीर बंधन पालकावर घालता येत नाही, कारण तसे बंधन घालणे हाच पालकावर बळाचा प्रारंभ होतो. हे वाचून मी पुस्तक मिटले होते.

वादे_वादे

त्या विधानाचे समर्थन मी करणार नाही. ते कायद्यापुरते होते आणि नैतिक कर्तव्य त्याने नाकारले नव्हते, एवढे फक्त नोंदवतो. माझे मत वेगळे आहे. जो पालकत्व स्वतःकडे ठेवतो, तो इतरांना मुलापर्यंत पोहोचण्यापासून बळाने रोखत असतो. अन्नही द्यायचे नाही आणि देऊ पाहणाऱ्यालाही दाराबाहेर ठेवायचे, ही मुलावरची आगळीकच आहे. पालकत्व सोडायचे असेल तर तसे जाहीर करून ते दुसऱ्याच्या हाती द्यावे. म्हणजे तत्त्वाच्या चौकटीतही उत्तर निघते.

अनुक्त

उत्तर चांगले आहे, आणि मला ते उपयोगी वाटते, पण कदाचित तुम्हाला नको असलेल्या कारणासाठी. दाराबाहेर ठेवणे ही आगळीक कशी झाली? दार तर पालकाचेच आहे. तुम्ही असे म्हणत आहात की आत असलेल्या असहाय जिवामुळे त्या दारावरचा मनाईचा हक्क काही काळ क्षीण होतो. प्लूफ खटल्यात धक्क्याच्या बाबतीत न्यायालयाने हेच म्हटले होते. मग बेटाच्या मालकाला जे लागू केले, ते हेलच्या उपाशी माणसासमोरच्या मालकाला का लागू होत नाही? निकड तात्पुरती असली पाहिजे म्हणून, की संकटग्रस्त आपल्या ताब्यात असला पाहिजे म्हणून? पहिले कारण दिले तर दीर्घकाळ उपाशी असणाऱ्याचा दावा एका दिवसाच्या वादळात सापडलेल्यापेक्षा कमजोर ठरतो, जे विचित्र आहे. दुसरे दिले तर प्लूफ कुटुंबाला काहीच मिळत नाही, कारण ते मालकाच्या ताब्यात कधीच नव्हते.

वादे_वादे

मी पहिले कारण देईन, विचित्रपणा पत्करून. वादळातला दावा एका विशिष्ट धक्क्यावर असतो आणि तो वादळाबरोबर संपतो. दीर्घ भुकेचा दावा कोणा एकावर नसतो, तो सर्वांवर आणि कायमचा असतो, आणि असा दावा वसूल करण्यासाठी कायमचा वसूल करणारा लागतो. त्या वसूल करणाऱ्याच्या हाती किती बळ द्यायचे आणि त्याला आवर कोणी घालायचा, याचे उत्तर तुमच्या बाजूने अजून आलेले नाही. रँड स्वतः किमान शासनाच्या बाजूची होती, पण तेही ऐच्छिक वर्गणीवर चालावे असे तिला वाटे. अर्थशास्त्रज्ञ गुस्ताव्ह द मोलिनारीने १८४९ मध्ये संरक्षणसुद्धा स्पर्धेतून मिळू शकते असे सुचवले, आणि तेव्हाच्या त्याच्या उदारमतवादी मित्रांनाही ते झेपले नाही. या दोघांपैकी कोणाचीही व्यवस्था मोठ्या प्रमाणावर टिकून चाललेली मला दाखवता येणार नाही. तुम्हालाही आवर घातलेला वसूल करणारा दाखवताना बराच शोध घ्यावा लागेल.

निरभ्र

शोध फार लांब घ्यावा लागणार नाही. माँट्रियल कराराला स्वतःचे पोलीस नव्हते. अमलात आणणारी राज्ये होती, पण करारातून बाहेर पडण्याचा मार्ग प्रत्येक राज्याला खुला होता, बाहेर राहणाऱ्यांशी त्या रसायनांचा व्यापार बंद होता, आणि विकसनशील देशांना मुदत व निधी दोन्ही मिळाले. म्हणजे राज्याराज्यांमध्ये वसुली जवळजवळ संपूर्णपणे व्यवहार नाकारण्याच्या हक्कातून झाली, जो वादे_वादे यांच्या तत्त्वात बसतो. बळ आले ते देशाच्या आत, उत्पादकावर. नेमक्या त्या आतल्या टप्प्याला पर्याय होता का, याबद्दल त्यांचे मत वाचायला आवडेल.